घरचं तोंड

कवळ्या करणाऱ्यांचा एक जुना नेम आहे: ओळखीच्या तोंडाला हात लावू नये. परक्याला कवळी टोचली तर तो डॉक्टरकडे जातो; घरच्याला टोचली तर तो रोज तुमच्यासमोर जेवायला बसतो. आमच्या कवळीवालीला हा नेम पाठ होता. उमेदवारीच्या पहिल्याच आठवड्यात कारखान्यातल्या म्हाताऱ्या उस्तादाने तो तिच्या कानात घातला होता. तरी तिने माती खाल्लीच.

तिचं अर्धं आयुष्य त्या कारखान्याच्या एका लांबट खोलीत गेलं होतं. खिडकीशी ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि घासायची एक मोटर, आणि सगळ्यांच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी भुकटी. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवायचे आणि इथून तयार कवळ्या जायच्या. एक जण साचे ओतायचा, एक जण मेणात दात लावायचा, एक जण कवळी उकळून पक्की करायचा, एक जण चकाकी द्यायचा. दात लावणं हे हिचं काम. हिने लावलेले दात खरे वाटत, कारण ती ते एका रेषेत लावतच नसे. एखादा किंचित आत, एखादा शेजाऱ्याच्या खांद्यावर रेललेला. "देव काय फूटपट्टी घेऊन बसतो?" असं ती म्हणायची. पण कवळीच्या डबीवर नाव मालकाचं असायचं, आणि कुठलं हसू कुणाच्या बोटांतून आलं याची चौकशी कुणी कधी केली नाही.

मग मालकाने यंत्र आणलं. तोंडाचं चित्र संगणकात घालायचं, पलीकडून दात कोरून बाहेर. मालकाने हाताने काम करणाऱ्या सगळ्यांना बोलावून चहा पाजला, डोळ्यांत पाणी आणलं आणि घरी पाठवलं. जाताना तिची जुनी मोटर तिला भेट दिली. यंत्र आल्यावर ती तशीही भंगारातच जायची होती.

आता घरी दोन वाटा, आणि दोन्ही वाटांवर माणसं हात करून बोलावत उभी.

एका वाटेवर तिची मावसबहीण. ती मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती आणि तिच्याकडे सगळ्या प्रश्नांना उत्तर असायचं. "एक्स-रे काढायचं शीक," ती म्हणाली. "दोन वर्षं शिकायचं, मग तिथेच कायमची नोकरी. मोठ्या वयाच्या बायकांसाठी एक जागा राखून असते. या महिन्यापुरती मी ती धरून ठेवायला लावलीय. पुढचं देव जाणे."

"या वयात पोरीबाळींबरोबर बाकावर बसू?"

"बस ना. बाक काय तुझं वय विचारणार आहे?"

दुसऱ्या वाटेवर ती स्वतःच उभी होती. घरामागे एक खोली होती. उत्तरेचा उजेड, कोपऱ्यात नळ, आणि बाकी सगळ्या सासूच्या ट्रंका आणि तिची दुपारची खाट. तिथे टेबल टाकावं, मोटर बसवावी, आणि डॉक्टरांकडून थेट काम घ्यावं. साचा ओतण्यापासून चकाकीपर्यंत सगळं एकटीने. डबीवर आपलं नाव. हा विचार मनात आला की तिची बोटं आपोआप हलायची. एक्स-रेचा विचार आला की ती मांडीवर गप्प पडायची. बटण दाबायचं, 'श्वास धरा, सोडा' म्हणायचं, आणि हाडं आपली आपणच उमटणार. त्यात आपण काय केलं? पण स्वतःच्या धंद्यात एखाद्या महिन्यात कुणी कामच दिलं नाही तर, ही भीतीही खरीच होती. सकाळी ती एका वाटेने निघायची आणि संध्याकाळी दुसरीने परत यायची.

नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. स्वभावाने चांगला होता, म्हणजे कुणाचीच बाजू घेत नसे. "तुला जे पटेल ते," तो म्हणाला, आणि पेपरात तोंड घालून बसला.

घर सासूच्या नावावर होतं, तेव्हा खोलीसाठी शब्द टाकायचा तो तिच्याकडेच. सासूच्या तोंडात एकही दात नव्हता, पण जिभेला धार होती ती चारचौघींना पुरून उरावी अशी. "दात कोरून पोट भरत नसतं, सूनबाई," ती म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर बोळकं पसरून हसली. नवराही हसला. हसणं म्हणजे बाजू घेणं नव्हे, असं त्याला वाटत असावं.

कवळीवाली डॉक्टरांच्या दारोदार फिरली. बहुतेकांनी यंत्राचं नाव सांगितलं. चौकातले डॉक्टर तेवढे बरे निघाले. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"कारखान्यातून माल चांगला यायचा, खोटं का बोलू?" ते म्हणाले. "पण त्यात तुमचा हात किती आणि दुसऱ्याचा किती, हे मला कसं कळणार? तुम्ही एकटीने केलेली एक कवळी दाखवा. डबीतली नको. तोंडात बसलेली, खाणारी, बोलणारी. मग माझं सगळं काम तुमच्याकडे."

आता कवळीची गंमत अशी, की चप्पल कुणाच्याही पायात घालून बघता येते, चष्मा कुणाच्याही नाकावर ठेवता येतो. कवळी एकाच तोंडाची असते. ती बसली की नाही हे जगात एकच माणूस सांगू शकतो, आणि तो सांगेल ते खरं.

तिने संध्याकाळी हे घरात सांगितलं, आणि सासू चटकन म्हणाली, "मग माझ्या तोंडाची कर की. बसली तर खोली तुझी. ह्याच्यासमोर सांगते."

सासूने आजवर तिला फर्मावलं होतं, सुनावलं होतं, पण मागितलं काहीच नव्हतं. कवळीवालीला भरून आलं. मावसबहिणीला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस! गावात दुसरं बोळकं नव्हतं?"

खरं तर दुसरं होतंही. पण हे तोंड अवघड म्हणून नावाजलेलं होतं. हिरड्या घासून सपाट झालेल्या, कवळीला धरायला कुठे उंचवटाच नाही. आधीच्या दोन कवळ्या दोन डॉक्टरांनी केलेल्या, आणि दोन्ही ट्रंकेत पडलेल्या. चौकातल्या डॉक्टरांनी माप घेताना टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "बाई, ह्या तोंडात बसवलीत तर कुठेही बसवाल." असं ऐकल्यावर कुठल्या कारागिराचा पाय मागे येईल?

स्वयंपाकाच्या ओट्यावरच तिने काम मांडलं. सासूच्या लग्नातला एक फोटो भिंतीवर होता, त्यात ती दात दाखवून हसत होती. कवळीवालीने तो उतरवून खिडकीत ठेवला आणि भिंग घेऊन बघितला. वरच्या पुढच्या दोनांतला डावा थोडा उजव्यावर चढलेला. तिने मेणात तसाच चढवला. खालच्या ओळीत एक जागी बारीकशी फट होती, तीही ठेवली. हिरडीचा गुलाबी रंग तीन वेळा बदलला. घरभर औषधी वास सुटला, नवरा नाक धरून फिरला, सासू मात्र एक अक्षर बोलली नाही. दुपारी येऊन मागे उभी राहायची, बघायची आणि जायची. कवळीवालीला त्या दिवसांत सासूबद्दल माया वाटू लागली होती. दिवसभर एखाद्याच्या तोंडाचा साचा हातात धरून बसलं की माणसाला माया येतेच.

दवाखान्यात डॉक्टरांनी कवळी बसवली. ओठ वर उचलले गेले, गालांचे खड्डे भरले, आणि खुर्चीत एकदम एक देखणी बाई बसलेली दिसली. सासूने आरसा हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. नवरा तर चक्क "आई!" म्हणून थांबला.

मग तिने आरसा ठेवला आणि म्हणाली, "टोचतंय."

"नवी आहे, चार दिवस टोचणारच," डॉक्टर म्हणाले. "मंगळवारी या. तोवर सरावली असेल तर प्रश्नच मिटला."

चार दिवस सासू कण्हली. जेवायला बसली की कवळी काढून वाटीत टाकायची, मऊ भात गिळायची, आणि गाल धरून भिंतीकडे बघायची. नवरा आईकडे बघायचा, मग बायकोकडे, मग ताटाकडे. कवळीवालीला घास उतरेना. कुठे चुकलं म्हणून ती सारखी सगळं काम मनात उलगडून बघायची, आणि तिला चूक सापडायची नाही. तशात मावसबहिणीचा निरोप आला: बुधवारपर्यंत नाव दिलं नाहीस तर जागा दुसरीला.

सोमवारी दुपारी ती मेणाचे तुकडे ठेवायला मागच्या खोलीकडे गेली. आतून कुडुम कुडुम आवाज येत होता. तिला वाटलं उंदीर. दार ढकललं तर सासू खाटेवर मांडी घालून बसलेली, मांडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कागद, बाजूला अर्धं सफरचंद, आणि सफरचंदावर दातांची स्वच्छ गोलाकार खूण. त्या खुणेत तो चढलेला दातसुद्धा ओळखू येत होता.

सासू दचकली नाही. तोंडातलं नीट चावून गिळलं. "ये, बस. घे दोन दाणे."

"टोचत नाही?"

"कुठे टोचतंय? तोंडात आहे याचा विसर पडतो. माझे स्वतःचे होते तेसुद्धा असे नव्हते. देवाने हात दिलाय तुला, बाई."

अर्ध्या आयुष्यात असं कुणी तिला म्हटलं नव्हतं. कवळीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून तिने विचारलं, "मग उद्या डॉक्टरांना सांगाल ना?"

"छे! का सांगू?"

"आई, खोली देईन म्हणाला होतात."

"बसली तर देईन म्हणाले होते. बसली की नाही ते मी सांगायचं ना?" सासूने कागदावरची टरफलं गोळा केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, लहान मुलाला समजवावं तसं ती बोलत होती. "हे बघ. तू इथे दुकान थाटलंस की माणसं दारात येणार आणि विचारणार, 'ताई आहेत का?' मग मी कोण? दार उघडणारी? एका घरात दोन मालकिणी नांदत नाहीत. तू आपली बाहेर जा, कुणाच्या तरी हाताखाली काम कर, संध्याकाळी दमून ये. दमलेली सून बरी. तिच्यात वाद घालायची ताकद नसते."

"आणि ही कवळी?"

"ही माझी. दुपारची घालत जाईन." आणि तिने आणखी एक दाणा तोंडात टाकला.

संध्याकाळी कवळीवालीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उठून मागच्या खोलीत गेला. कवळी वाटीत पाण्यात होती, सासूचे ओठ आत ओढले गेले होते, आणि खोलीत एकही टरफल नव्हतं. "बाळा, माझ्या जिवावर का उठली आहे रे ही?" सासू म्हणाली. नवरा बाहेर आला आणि म्हणाला, "आई खोटं कशाला बोलेल? तिला त्यात काय मिळणार आहे?" उभ्या संसारात त्याने पहिल्यांदा बाजू घेतली होती.

मंगळवारी तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हिरडीवर नुसतं बोट टेकवलं तरी सासू कळवळायची. ते बुचकळ्यात पडले. "दिसायला तर सुरेख बसलीय. पण पेशंटला दुखतंय तिथे माझं दिसणं काय कामाचं? बाई, तुम्हीच घासून बघा. दुखायचं थांबलं तर आजच काम सुरू करू."

कवळीवालीने दवाखान्यातली घासायची मोटर हातात घेतली. या धंद्यात एक लबाडी असते: ज्याला उगाचच टोचतं, त्याच्यासमोर मोटर हवेतच फिरवायची, कवळीला टेकवायचीच नाही. आवाज ऐकून निम्मे लोक म्हणतात, हां, आता बरं वाटलं. तिने मोटर हवेत फिरवली, कवळी परत दिली. अजून वेळ गेलेली नाही, असं ती सासूला जणू सांगत होती.

सासूने कवळी घातली, चावून बघितलं. "टोचतंय."

"कुठे?"

"इथे. उजवीकडे."

कवळीवालीने मोटर टेकवली. गुलाबी भुकटी उडाली. आपल्याच लेकराला चापट मारावी तसं तिला झालं. तिने कवळी पुढे केली आणि सासूच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आता?"

सासूला तेव्हा कळलं. ती काही बावळट नव्हती. बसली म्हणावं तर खोली जाते, टोचते म्हणावं तर दात जातात. नवरा शेजारी उभा, डॉक्टर समोर उभे, आणि दोघांच्या देखत तिला उत्तर द्यायचं होतं. तिने एकदा कवळीकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

"टोचतंय," ती म्हणाली.

"डावीकडेही?"

"डावीकडेही."

कवळीवाली घासत गेली. सासू सांगत गेली. सुनेचा हात थांबत नव्हता आणि सासूची जीभ थांबत नव्हती. दोघीही एकमेकींची वाट बघत होत्या, की आता ही म्हणेल 'पुरे'. टाळूला चिकटून बसणारी कड गेली, मागचा आधार गेला. शेवटी सासूने तोंड उघडलं तशी वरची कवळी सटकून तिच्या मांडीवर पडली.

"अहो पुरे, पुरे!" डॉक्टर ओरडले. "आता घासायला राहिलंय काय त्यात? बाई, माफ करा, पण हा अंदाज तुम्हाला नसेल तर मी माझे पेशंट तुमच्या हाती कसे देऊ?"

ते खरंच बोलत होते. त्यांनी जे बघितलं त्यावरून दुसरं कुणी काय बोललं असतं? कवळीवालीने सासूच्या मांडीवरची कवळी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आयुष्यात तिने केलेली ती सगळ्यात चांगली कवळी होती. घरी जाताना तिने मावसबहिणीला फोन करून नाव द्यायला सांगितलं.

एक्स-रेच्या वर्गात पोरी तिला काकू म्हणू लागल्या. काकू बाकावर बसल्या, हाडांची नावं घोकू लागल्या, पेशंटला 'श्वास धरा' म्हणायला शिकल्या. काम वाईट नव्हतं. त्यात जीव ओतायची कुणी सक्ती करत नव्हतं, आणि तिलाही आता ते सोयीचं वाटत होतं. संध्याकाळी ती दमून यायची. तेवढं सासूचं खरं झालं.

दात मिळून गेले की बोळकं पहिल्यापेक्षा जास्त खायला उठतं. सासूने तिसऱ्या एका डॉक्टरकडून कवळी करून घेतली, ती दुसऱ्याच दिवशी ट्रंकेत गेली. मऊ भात तिला नकोसा झाला. ती वाळत चालली. कुणी समोर सफरचंद खाल्लं की उठून जायची. एका सकाळी नवरा डेपोत गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कवळीवाली तिच्यासाठी भात कालवत होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "मी आजच डॉक्टरांकडे जाते. सगळं खरं सांगते. त्यांच्यासमोर कान धरते, माझ्या लेकासमोर धरते. खोली घे. ट्रंका मी बाहेर काढते. दारावर तुझ्या नावाची पाटी लाव, मी येईल त्याला दार उघडीन. फक्त मला तसे दात करून दे. तो पुढचा होता ना, चढलेला, तस्साच."

म्हातारी रडत होती, आणि या वेळी खोटं बोलत नव्हती. कवळीवालीला ते दिसत होतं. उत्तरेच्या उजेडाची खोली, डॉक्टर, डबीवरचं नाव, जे जे मागितलं होतं ते सगळं दारात चालत आलं होतं, आणि ते तिला अजूनही हवं होतं. नको झालं असतं तर गोष्ट सोपी होती. वर्गातली बाकं, घोकलेली हाडं सोडून ती आज संध्याकाळी मोटर लावू शकली असती. तिची बोटं हललीसुद्धा.

मग तिने ते आत गेलेले ओठ बघितले, गालांचे खड्डे बघितले, आणि तिच्या मनाने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तोलल्या. आपलं दुकान एका बाजूला, आणि हे तोंड असंच बिनदातांचं रोज ताटासमोर बसलेलं दुसऱ्या बाजूला. तिला फार विचार करावा लागला नाही.

"मी ते काम सोडलं, आई," ती म्हणाली, आणि भाताची वाटी तिच्यापुढे सरकवली. "खाऊन घ्या. मला उशीर होतोय."